सदतिसावा कागद

थंडी पडली की आमच्या शाळेत मुलं धुराचा वास घेऊन येतात. ओझरच्या आसपास पहाटे पारा फार उतरला की द्राक्षबागांत ओळींच्या मध्ये शेकोट्या पेटवतात, घडांना ऊब मिळावी म्हणून. त्या धगीपाशी तास-दीड तास राबून ही पोरं अंघोळ करून, कधी न करताच, शाळेत येतात. स्वेटर काही रोज धुतला जात नाही. पहिल्या तासाला वर्गात पाऊल टाकलं की तो वास येतो, आणि मला कळतं, आता सर्वेक्षणवाले येणार.

या वर्षीही आले. म्हणजे अजून यायचेत, पण परिपत्रक आलं. पंधरवड्यापूर्वी मुख्याध्यापकांनी ते टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. किशोरवयीन विद्यार्थ्यांचे आरोग्य व जोखमीच्या सवयी, इयत्ता आठवी व नववी, सर्व शिक्षकांनी सहकार्य करावे. शाळेची समन्वयक म्हणून माझं नाव त्यांनी आधीच पेनाने लिहून ठेवलं होतं. "तुम्हाला अनुभव आहे, मॅडम," म्हणाले. आपल्याकडे अनुभवाचं बक्षीस म्हणून आणखी काम मिळतं. मी गुपचूप सही केली. निवृत्तीला चार वर्षं राहिली की माणूस कुठे भांडायचं हे शिकतो, आणि मग बहुतेक ठिकाणी भांडतच नाही.

खरं सांगायचं तर मी दमले आहे. विज्ञान शिकवायला म्हणून या शाळेत लागले, आणि गेली कित्येक वर्षं मी मुलांना मोजते आहे. उंची मोजते, वजन मोजते, जंताच्या गोळ्या वेगळ्या, रक्तवाढीच्या वेगळ्या, कोणी गिळली, कोणी खिडकीतून फेकली, त्याचा तक्ता वेगळा. पंचवटीतल्या माझ्या घरून स्कूटीवर निघायचं, हायवेचा गार वारा खात शाळेत पोचायचं आणि मफलर सोडायच्या आत कोणीतरी रकाने पुढे करतं. भरा, मॅडम. भरते. ते कुठे जातं ते मला ठाऊक नाही. आजवर एकाही तक्त्याचं उत्तर मला परत आलेलं नाही.

यंदाचं सर्वेक्षण म्हणे टॅबवर आहे. मूल बोट लावील आणि उत्तर थेट वर जाईल. कागद नाही, गठ्ठा नाही, शिक्षकाचा हात मध्ये नाही. मुख्याध्यापकांनी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी मान डोलावली आणि मला तो पहिला हिवाळा आठवला, कागदांचा.

सहा वर्षं झाली. त्या वर्षी नववी 'ब' माझ्याकडे होती. पटावर पन्नास मुलं. गॅदरिंगच्या तालमी चालू होत्या, त्यामुळे कुठल्याही तासाला कोणीही फेटा बांधून उठायचं आणि "नाचाला बोलावलंय" म्हणून निघून जायचं. सर्वेक्षणासाठी प्रज्ञा नावाची मुलगी आली होती. पंचविशीतली, पाठीवर सॅक, नाशिक रोडहून दोन बस बदलून आलेली, नाक सर्दीने लाल. तिच्याबरोबर आणखी एक जण यायचा होता, तो आलाच नाही. दोन तुकड्या, माणूस एक, आणि दुपारनंतर तिला दुसरी शाळा गाठायची होती.

"मॅडम, खरं तर वर्गशिक्षकांनी वर्गात थांबायचं नसतं," ती अगदी संकोचून म्हणाली. "पण आज एक तुकडी तुम्ही घ्याल का? फक्त सूचना वाचून दाखवायच्या. मुलांच्या मधून फिरायचं नाही. कागदावर नाव नाही, नंबर नाही. आणि उत्तरं बघायची नाहीत."

"एवढंच ना?" मी म्हटलं. पंचवीस वर्षं पेपर वाटणाऱ्या बाईला यात अवघड ते काय वाटणार!

चारपानी प्रश्नावली होती. सकाळी नाश्ता करतोस का. दात दिवसातून किती वेळा घासतोस. घरात अन्न कमी म्हणून कधी उपाशी राहिलास का. तंबाखू, गुटखा, सिगारेट. मारामारी. शेवटच्या पानावर मनाचे प्रश्न. एकटं वाटतं का, काळजीने झोप लागत नाही असं होतं का, मनातलं बोलता येईल असं कोणी मोठं माणूस आहे का. योग्य उत्तराला गोल करायचा.

आमच्या मुलांसमोर छापील कागद ठेवला की ती परीक्षेलाच बसतात, तुम्ही काहीही सांगा. पहिला प्रश्न आला, "मॅडम, किती मार्काचा हाय?" दुसरा आला, "वेळ किती?" पुढच्या बाकावरच्या किरणने दातांच्या प्रश्नापाशी थांबून हळूच विचारलं, "बरोबर उत्तर कोणतं?" मी म्हटलं, बरोबर-चूक काही नाही रे, जे खरं ते लिही. ते त्याला अजिबात पटलं नाही. त्याने शेजाऱ्याच्या कागदात बघितलं, शेजाऱ्याने मागच्याच्या, आणि खिडकीकडची अख्खी ओळ दिवसातून दोनदा दात घासू लागली. मग कोणीतरी विचारलं, "मॅडम, मिश्री तंबाखूत धरायची का?" तेवढ्यात विमानांच्या कारखान्याकडून विमान उडालं. विमान गेलं की आमच्याकडे अर्धा मिनिट कोणीच बोलत नाही, तावदानं थरथरतात, खडू हातात धरून वाट बघायची. ते गेल्यावर मी म्हटलं, "धरायची." मागून आवाज आला, "आजीची का माझी?" वर्ग फुटला. मीसुद्धा हसले.

हसू ओसरल्यावर मी सूचनांचा कागद वाचला. नुसता वाचून भागलं असतं, पण मला शेपूट जोडायची खोड. मी म्हटलं, "हे बघा, हे कागद मी बघणार नाही, मुख्याध्यापक बघणार नाहीत, तुमच्या घरी कळणार नाही. माझ्यावर विश्वास आहे ना? मग खरं लिहा." शेहेचाळीस मुलं हजर होती. त्यांनी माना हलवल्या आणि डोकी खाली घातली. तशी शांतता मी बोर्डाच्या परीक्षेतही ऐकलेली नाही.

पुढे झालं ते सवयीने झालं. वेळ संपल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "कागद पालथे करा. मॉनिटर, गोळा कर. नंबराप्रमाणे." पंचवीस वर्षं हेच बोलत आले होते. आमची मुलं परीक्षेसारखी हजेरी क्रमांकाने बसलेली, आधी मुलगे, मग मुली. मॉनिटर सायली तुरुतुरु फिरली, कागद गोळा केले, पहिला नंबर वर असा नीट गठ्ठा लावून माझ्यासमोर ठेवला. नाव लिहू नका, नंबर लिहू नका, असं घसा फोडून सांगितलं आणि मग सगळे नंबर मी माझ्या हाताने लावून घेतले. त्या क्षणी माझ्या हे लक्षातही आलं नाही. गठ्ठ्याच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि हजेरी जुळते का म्हणून मोजायला घेतले.

सदतिसाव्या कागदाला अंगठा अडला. कागद पालथे होते, म्हणजे शेवटचं पान वर. एका गोलापाशी पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटून कड वर आली होती. मी बघितलं नाही असं म्हणता येणार नाही. डोळ्यांना वाचायची सवय असते, ते परवानगी मागत नाहीत. गेल्या बारा महिन्यांत आपण जगू नये असं तुला कधी मनापासून वाटलं का? हो. वर, मोठ्या माणसाच्या प्रश्नाला, नाही.

मी तसाच गठ्ठा प्रज्ञाने दिलेल्या पिशवीत घातला. पण डोकं आपलं काम करत होतं. चार मुलं गैरहजर, चारही मुलगे, बागेत कामाला. सदतीस आणि चार एकेचाळीस. एकेचाळीस नंबर कावेरी.

आणि एकदा कावेरी म्हटल्यावर सगळं जुळलंच. दोन वर्षांपूर्वी आई गेलेली. वडील कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. घरात आत्या. वर्गात चौथ्या बाकावर खिडकीशी बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. आणि पेन एवढं दाबून लिहायची की तिच्या वहीचं मागचं पान वाचता यायचं. मला आणखी कसला पुरावा हवा होता?

प्रज्ञा पिशवी घ्यायला आली तेव्हा मी आडून विचारलं, "शेवटच्या पानावर एखादीने 'हो' लिहिलं, तर तुम्ही काय करता?"

"ते टक्क्यात जातं, मॅडम," ती म्हणाली. मग तिलाच ते बरं वाटलं नसावं. "सगळ्या मुलांना आम्ही हे कार्ड देतो. हेल्पलाइनचा नंबर आहे." थोडं थांबून तिने विचारलं, "तुम्ही बघितलं का?"

"नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. पोरगी हुशार होती. "बघितलं नसेल तर ठीकच," ती म्हणाली, "पण बघितलं असेल, तर तिला एकटं सोडू नका." आणि सॅक पाठीवर टाकून बस पकडायला पळाली. तिने वाटलेल्या कार्डांची दुपारच्या सुट्टीत विमानं झाली.

माझी त्या थंडीतली धडपड आठवली की आता मला हसावं का रडावं कळत नाही. वचन मोडायचं नाही, तू असं लिहिलंस असं तोंडातून काढायचं नाही, आणि मुलीला वाचवायचं. मी कावेरीच्या मागेच लागले. डब्याला माझ्याबरोबर बसवायला लागले. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या धुण्याचं काम मुद्दाम तिला दिलं, म्हणजे दोघी एकट्या असू. रोज विचारायची, "कशी आहेस ग?" रोज उत्तर यायचं, "बरी." आठवड्याभराने तिने ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "मॅडम, मला काही झालंय का?"

एका शनिवारी मी तिच्या घरी गेले. आत्या दारात गहू निवडत होती. बाई म्हणजे दणदणीत. मी आडवळणाने विषय काढला, कावेरी फार गप्प असते, घरी काही बोलते का, जेवते का.

"आमची कावेरी?" आत्याने सूप खाली ठेवलं. "अहो मॅडम, जेवाया बसली का चार भाकरी खाती. गप म्हनाल तर तिची आई बी अशीच व्हती. लय गुणाची, पन तोंडात मूग. त्याच्यात काय दुखनं नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काय केलं का तिनं साळंत?"

काही नाही हो, असं म्हणून मी चहा पिऊन परत आले. आत्याला कळत नाही, असं ठरवलं. आपल्याला कळलं आहे असं एकदा वाटलं की दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. आमच्या धंद्यात तर हा रोग फारच.

पण हळूहळू एक गंमत झाली. कावेरी बोलायला लागली. तिची आई बागलाणाकडची, खापरावरचे मांडे करणारी. ते मांडे तिला स्वतःला करून बघायचे होते. उलट्या खापरावर तो पातळ मांडा टाकायचा, आणि तो दर वेळी फाटायचा. मग नळ्या धुताधुता अहवाल मिळायचा. "आज पण फाटला." "आज अर्धा आला." "आज आत्यानेच हाकललं, पीठ संपवती म्हणाली." कधी बागेतून सुटलेले द्राक्षमणी रुमालात बांधून आणायची, मी खाल्ल्याशिवाय हलायची नाही. संध्याकाळी फाटकापर्यंत माझ्या स्कूटीच्या बाजूने चालत यायची. एकदा तर मी सर्दीने दोन दिवस रजा घेतली तेव्हा तिसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, "कशा आहात?" मला वाटलं, जिंकलं. मूल परत येतंय. त्या आनंदात मी घरी जाताना स्कूटीवर गाणं म्हणत होते, मफलरच्या आतून.

आणि सायली? सायलीकडे बघायचं काय कारण होतं! ती पहिल्या तिघांत असायची. गॅदरिंगचं निवेदन तिने केलं, मोत्यासारखं अक्षर, फळ्यावर सुविचार रोज तिचाच. माझ्या हजेरीचा हिशोबही तीच ठेवायची, मला सरासरी काढायचा कंटाळा येतो हे तिला ठाऊक. मी दिवसातून दोनदा तरी तिला म्हणायची, "तुझं काय बाई, तुझं सगळंच छान!" ती हसायची. त्या महिनाभरात ती दोनदा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली होती, हे मला आता स्पष्ट दिसतं. एकदा मी कावेरीबरोबर डबा खात होते. "काही नाही मॅडम, नंतर येते," ती म्हणाली. दुसऱ्यांदा काय झालं ते आठवत नाही. बहुधा मी काहीतरी भरत असेन.

फेब्रुवारीत थंडी उतरणीला लागली तेव्हा सायली चार दिवस आली नाही. कोणी म्हणालं पोट दुखतंय, कोणी म्हणालं मामाकडे गेली. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून दार लावून घेतलं. सायली सरकारी दवाखान्यात होती. तिने स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला होता. वेळेत कळलं म्हणून वाचली. "बाहेर बोलू नका," ते म्हणाले. त्यांचा चेहराही पांढरा पडला होता, त्यांना दोष देत नाही.

मी त्याच दुपारी गेले. आई खाटेशी बसली होती. मला बघून ती उठली, बाहेर चहा घेऊन येते म्हणाली. सायली भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी स्टूल ओढून बसले आणि मला एकच वाक्य सुचलं, ते रोजचंच. "कशी आहेस ग?"

तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही कावेरीला विचारायच्या ना रोज."

"हो."

"तुम्हाला तो कागद तिचा वाटला?"

मी स्टूल खाटेजवळ सरकवलं.

"तुम्ही नंबराप्रमाणे घ्यायला सांगितले," ती भिंतीशीच बोलत होती. "मला कळलं, तुम्ही बघितलं तर तुम्हाला कळणार, कोणाचा कुठला. म्हणून मी गठ्ठा लावताना माझा काढला आणि मध्येच खाली घातला. कुठे गेला ते मी पण बघितलं नाही."

सायलीचा नंबर कावेरीच्या आधीचा. तिचा कागद वरून निघाला, म्हणजे कावेरीचा एक जागा वर सरकून त्याच्या अगदी वर होता, छत्तिसावा. त्यावरून माझा अंगठा सहज पुढे गेला होता. आणि जिचा कागद होता ती सगळा वेळ माझ्यासमोर उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. गोलाला अक्षर नसतं. मोत्यासारखं अक्षर असलेली मुलगीसुद्धा गोल करताना कागद फाडू शकते.

सायलीच्या घरी दिवाळीपासून रोज भांडणं चालली होती. आईवडील वेगळे व्हायच्या गोष्टी करायचे, धाकट्या भावाच्या कानावर हात ठेवून ही त्याला झोपवायची, मग दोघांची समजूत घालायची. "घरी पण मीच मॉनिटर," ती म्हणाली आणि तेव्हा रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. माफ कर म्हणावंसं वाटत होतं. म्हणालेही असेन. तिने विचारलं नाही, पण मला त्या स्टुलावर बसल्याबसल्या ऐकू येत होतं, कागद बघायच्या आधी मला कधी विचारलंत का नाही?

पुढचं वर्ष मी सायलीला दिलं. दुसरा शब्द नाही. तिला नाशिकला डॉक्टरांकडे न्यायचे दिवस, औषधं, तिच्या आईशी बोलणं, वडिलांशी त्याहून अवघड बोलणं, दर रविवारी तिच्याकडे तासभर. नुसतं बसायचं, भाजी निवडायची, शेंगा सोलायच्या. दहावीला तिला दोन विषयांत कमी पडले आणि त्याचा मला फार आनंद झाला, कारण ती स्वतःच ते हसतहसत सांगत आली होती. आता ती पुण्याला शिकते. सणाला फोन येतो, आणि मी अजूनही पहिला प्रश्न तोच विचारते. ती लांबलचक उत्तर देते. तिला ठाऊक आहे, मला लांबलचक हवं असतं.

कावेरीचं म्हणाल तर तिच्या कागदावर तसं काही नव्हतं, हे कळून माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं होतं. ती सुखरूप होती. दिवस तेवढेच आणि मी एकटी. परीक्षानळ्या धुवायचं काम मी नंतर आठवीच्या मुलांकडे दिलं.

गेल्या आठवड्यात गुडघा फारच धरला म्हणून पंचवटीतल्या एका दवाखान्यात गेले. भाजीबाजाराच्या मागची गल्ली, रिक्षा आणि स्कूटर एकमेकींना चाटून जातात ती. आत गर्दी. काउंटरपाशी केसपेपर काढणाऱ्या मुलीने मान वर न करता विचारलं, "नाव?" मी सांगितलं. पेन थांबलं.

"मॅडम!"

कावेरी. अंगाने भरली होती, चष्मा लागला होता, केस घट्ट बांधलेले. दोन वर्षं झाली म्हणे इथे लागून, लग्न अजून नाही, आत्या आहे, तशीच आहे. तिने माझा कागद लिहिला, अजून तसंच दाबून लिहिते. मला काउंटरच्या आत बोलावून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण उभी राहिली. लोकांचे पेपर काढता काढता बोलत होती. शाळेत आता काय चाललंय विचारलं. मी सहज म्हटलं, ते सर्वेक्षण पुन्हा आलंय, आठवीला आणि नववीला.

तिचा हात थांबला. "मॅडम, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार की."

"तुम्ही नववीत माझ्याशी रोज बोलायच्या. कशी आहेस म्हणून. मग एकदम बंद केलंत." ती समोरच्या म्हाताऱ्याला सुट्टे परत देत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "मी लय विचार केला. माझं काय चुकलं होतं?"

सांगायचं तर सायलीचं सांगावं लागलं असतं. ते माझं नव्हतं सांगायला. मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं ग. माझंच चुकलं."

तिने मान हलवली. पुढच्या बाईचं नाव लिहिलं, वय लिहिलं, तिला बाकावर बसवलं. मग चष्मा वर सारून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्या कागदात होतं ना, शेवटच्या पानावर, जगू नये असं वाटतं का. मी 'नाही' लिहिलं होतं. तेव्हा खरंच नव्हतं वाटत. दहावीत वाटायला लागलं. मी वाट बघत होते, यावेळी खरं लिहीन म्हणून. पण दहावीला तो पेपर नसतोच."

बोर्डाचं वर्ष म्हणून दहावीला सर्वेक्षण देत नाहीत. तसा नियमच आहे. मुलांचा वेळ जातो.

आतून कंपाउंडरने माझं नाव पुकारलं. मी उठले नाही. "आणि आता?" मी विचारलं. "आता कशी आहेस, कावेरी?"

तिने दारापर्यंत गेलेल्या रांगेकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "एक वाजता दवाखाना बंद होतो," ती म्हणाली. "थांबाल?"

सव्वाअकरा झाले होते. शाळेला मी अर्ध्या दिवसाचीच रजा टाकली होती. मी मुख्याध्यापकांना फोन करून पूर्ण दिवसाची सांगितली आणि बाकावर जाऊन बसले.